माझा प्रोसेसर आणि डब्याच्या टेबलाची कमिटी

दिल्लीतल्या मराठी माणसांच्या घोळक्यात "मला एक वस्तू घ्यायचीय" हे वाक्य चुकूनही बोलू नका. वस्तू राहते बाजूला आणि किस्से जमा होत जातात. फ्रिज म्हणा, गादी म्हणा, कुणाच्या तरी मावसभावाने नेमकी तीच गादी घेतलेली असते आणि त्याची पाठ धरलेली असते. मी प्रोसेसर घ्यायचा म्हटलं. एवढंच म्हटलं. त्याला आता बरेच महिने झाले, तरी आठवलं की माझं डोकं सटकतं. आणि लोक म्हणतात, वंदनाताई, तो किस्सा सांगा ना, मजा येते. तुम्हाला येते मजा. मला नाही येत.

आधी माणसं सांगते, म्हणजे राग कुणाकुणावर आहे ते कळेल. मी वंदना रामटेके. मूळची वर्ध्याची, दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला द्वारकाच्या एका सोसायटीत. दुपारी आमच्या मजल्यावरची मराठी माणसं एका टेबलावर डबे उघडतात. दिवसभर "जी सर, बिल्कुल सर" करून तोंड दुखलेलं असतं, तेवढाच अर्धा तास मराठी. टेबलावर कायमचे आम्ही तिघं. मी, गजभिये साहेब आणि पाटणकर.

गजभिये साहेब भंडाऱ्याचे, अंडर सेक्रेटरी, रिटायरमेंटला टेकलेले. सगळी नोकरी सरकारी खरेदीत गेली, त्यामुळे घरची कोथिंबीरसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेत नाहीत. पाटणकर पुण्याचा, राहायला फरीदाबादला, अकाउंट्समध्ये. कुठलाही विषय काढा, पाटणकरने त्याच्यावर व्हिडिओ पाहिलेला असतो.

* * *

प्रोसेसर कशाला हवा होता, ते आधी.

माझी मुलगी जुई पुण्याला इंजिनिअरिंग करतेय, सेकंड इयर, हॉस्टेलला. दिल्लीत वाढलेली पोरगी. मराठी सुधारेल म्हणून पुण्याला पाठवली, तर आता ती हिंदीसुद्धा कमी बोलायला लागली. फोन केला की "हां आई. खाया. ठीक है. चलो, बाय." गॅस बुक करायला फोन लावला तर पलीकडची बाई याच्यापेक्षा जास्त बोलते.

पण गेममध्ये बोलते. शाळा घरातच भरत होती त्या दिवसांत तिनेच मला हा गेम शिकवला. दोघींची टीम, कानाला हेडफोन, हातात बंदुका, समोरच्या टीमला शोधून उडवायचं. माझा नेम चांगला आहे. मी ऑफिसातली माणसं डोळ्यांसमोर आणते. रविवारी दुपारी चार वाजता आम्ही बसतो, ती तिकडे लॅपटॉपवर, मी इकडे बेडरूममधल्या जुन्या डेस्कटॉपवर. आणि पळता पळता ती सगळं सांगते. मेसमधल्या डाळीचं, रूममेटचं, कोण कुणावर रुसलंय त्याचं. आईच्या तोंडाकडे बघून बोलायचं नसलं की तिला बोलता येतं.

एका रविवारी आम्ही दोघी एका पडक्या गोदामात लपलो होतो. ती म्हणाली, "आई, एक सांगायचंय. ओरडू नको हं."

मी म्हटलं, बोल. आणि माझा पीसी अडकला. चित्र थिजलं, हेडफोनमध्ये घरघर झाली आणि सगळं गप्प. असं आधीही व्हायचं. पण तेव्हा फार तर कुणीतरी मला गोळी घालून जायचं, ते परवडत होतं. मशीन परत सुरू करून मी आत शिरले, तर ती म्हणाली, "काही नाही. जाऊ दे." फोन केला, तर "काही नाही आई." मेसेज केला, तर नुसता अंगठा.

पोरीने कधी नव्हे ते तोंड उघडलं आणि माझ्या खटाऱ्याने ते बंद केलं. इतका संताप मला आमच्या जॉइंट सेक्रेटरीवरही कधी आला नव्हता. त्याच दिवशी ठरवलं, मशीन सुधारायचं. अख्खं नवं घेणं शक्य नव्हतं, फ्लॅटचा हप्ता चालू, हॉस्टेल चालू. फक्त प्रोसेसर बदलायचा. स्वस्तातला, पण गेम आणि जुईचा आवाज दोन्ही एकाच वेळी पेलणारा.

* * *

सोमवारी डबा उघडता उघडता मी टेबलावर विषय काढला. गेमसाठी प्रोसेसर घ्यायचाय म्हटलं. जुईचं वाक्य मी सांगितलं नाही. मुलीचं असलं काही डब्यावर काढायचं नसतं, दुसऱ्या दिवशी ते सगळ्या मजल्यावर फिरतं.

"जुईसाठी का?" पाटणकरने विचारलं.

"माझ्यासाठी."

गजभिये साहेबांनी भाजीतून मान वर काढली. पाटणकरने हसू दाबलं आणि तो पत्त्यांचा वगैरे गेम आहे का, भाज्या पिकवायचा आहे का, अशी चौकशी केली. मी म्हटलं, बंदुकांचा आहे. तर म्हणतो, "ताई, ह्या वयात?"

पाटणकर माझ्याहून मोठा आहे. रोज जेवण झाल्यावर ऑफिसच्या मशीनवर रंगीत गोट्या फोडत बसतो. तो 'रिलॅक्स' होत असतो, आणि मी खेळले की माझं वय निघतं. हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. तर म्हणाला, अहो ताई, गमतीनं म्हटलं. ही गंमत नेहमी एकाच बाजूने कशी काय होते, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी पाटणकर व्हिडिओ पाहून आला. पोळीचा घास हातात तसाच धरून त्याने निकाल दिला. "ताई, प्रोसेसरने काहीही फरक पडत नाही. सगळा खेळ ग्राफिक्स कार्डाचा असतो."

आता मीसुद्धा काही डोळे मिटून आले नव्हते. गेम चालू असताना कोण किती राबतंय ते कॉम्प्युटर स्वतःच एका खिडकीत दाखवतो. मी ते बघितलं होतं, मोबाईलवर फोटोही काढला होता. प्रोसेसर शंभर टक्क्यांना चिकटलेला, आणि ग्राफिक्स कार्ड निवांत. कार्डाचं काम चित्र काढणं. बाकी सगळं, म्हणजे कोण कुठे पळतोय, गोळी कुणाला लागली, जुई काय बोलतेय, हे प्रोसेसरच्या डोक्यावर. माझा बिचारा चार कोरवाला. चार माणसांच्या सेक्शनवर अख्ख्या डिव्हिजनचं काम टाकलं तर जे होईल ते त्याचं होत होतं.

एवढं सगळं मी शांतपणे सांगितलं. पाटणकरने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, हे रीडिंग चुकीचं दाखवतं.

माझ्या मशीनने माझ्याच मशीनबद्दल दिलेलं रीडिंग चुकीचं. आणि माझं मशीन आयुष्यात कधी न पाहिलेल्या व्हिडिओवाल्याचं बरोबर! मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले. तरी त्याचं समाधान झालं नाही. संध्याकाळी त्याने मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला फोन केला. का, तर वहिनींना नीट समजत नाहीये, तू समजाव. ऑफिसात मी ताई असते, नवऱ्याला फोन करताना माझी वहिनी होते.

मिलिंद घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, "पाटणकर म्हणत होता, कार्डच घे." त्या संध्याकाळी मिलिंद स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला.

* * *

मिलिंदचाही एक किस्सा आहे, तो सुटू देणार नाही.

जुईचं ते अर्धं राहिलेलं वाक्य मी फक्त त्याला सांगितलं होतं. त्याचं म्हणणं एकच, यासाठी प्रोसेसर कशाला, फोन आहे ना. मी म्हटलं, कर मग. त्याने सोफ्यावर माझ्याशेजारी बसून स्पीकरवर फोन लावला. बेटा कशी आहेस, तर ठीक. जेवलीस, तर हां. अभ्यास, तर चालू है. मग त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि विचारलं, काही सांगायचंय का आम्हाला?

"नहीं पप्पा."

फोन ठेवून तो म्हणाला, "बघ, काही नाहीये." आणि टीव्ही लावला.

एकोणीस वर्षं या पोरीचा बाप आहे हा माणूस. मी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला, त्यातले सेल काढले आणि सेल पर्समध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ऑफिसला घेऊन गेले.

* * *

मग गजभिये साहेबांनी सूत्रं हातात घेतली. ते म्हणाले, वंदना, पाटणकरचं सोड, खरेदीची एक पद्धत असते. मला वाटलं, चला, एक तरी माणूस कामाचा निघाला.

पद्धत म्हणजे काय, तर तीन दुकानांची कोटेशनं. तिसरं दुकान तोंडी भाव सांगत होतं, लिहून देत नव्हतं, म्हणून साहेब तिसऱ्यासाठी अडून बसले. मी रोज विचारायची, साहेब, झालं का? साहेब म्हणायचे, "काहून घाई करते? सगळ्यात कमीवाला आपोआप वर येते." राग आला किंवा रंगात आले की साहेबांची भंडाऱ्याची बोली बाहेर पडते. ते रंगात होते. इतकी वर्षं कागदावर खरेदी केल्यावर त्यांना स्वतःच्या हाताने काहीतरी विकत घ्यायला मिळत होतं.

या सगळ्यात रविवार जात होते. मशीन अडकत होतं. एका रविवारी मी चार वाजता बसले, तर जुईचा आवाज आला, "आई, आज माझी टीम फुल आहे. हॉस्टेलची एक मुलगी आहे. तुझा पीसी परत हँग होतो ना, मग आम्ही दोघी हरतो." रागाने नाही बोलली. अगदी समजुतीने बोलली, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, खेळ बाळा. आणि त्या बंद खोलीत हेडफोन कानाला लावून तशीच बसून राहिले.

त्याच आठवड्यात तिसरं कोटेशन आलं. सगळ्यात कमीवाला खरंच वर आला होता. साहेबांनी खालून रेघ मारून कागद माझ्यापुढे सरकवला आणि अभिनंदन केलं. मी वाचलं. तो प्रोसेसर आमच्या मदरबोर्डात बसणाराच नव्हता. दुसऱ्याच कंपनीचा, सॉकेट वेगळं, म्हणजे ज्या खाचेत तो बसवायचा ती खाचच वेगळी. मी सांगितल्यावर साहेब म्हणाले, "ते टेक्निकल झालं. भाव तर कमी आहे ना?"

मी काय बोलले ते लिहीत नाही. साहेब वयाने मोठे आहेत. एवढंच सांगते की शेजारच्या टेबलावरच्या तमिळ मंडळींनी चमचे खाली ठेवले. भाषा कळली नसेल, पण मुद्दा कळला.

* * *

शेवटी मी स्वतः बसून निवडला. सहा कोरवाला, आमच्याच सॉकेटचा, मागच्या पिढीतला, म्हणून स्वस्त. शनिवारी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जायला निघाले, तर मेट्रोच्या गेटवर दोघंही हजर. मी बोलावलं नव्हतं. साहेब म्हणाले, खरेदीला एकटं जाऊ नये. पाटणकर म्हणाला, दुकानदार तुम्हाला फसवतील.

दुकानात मी बोलायला सुरुवात केली. दुकानदार उत्तरं पाटणकरला देत होता. मी विचारते कॅश मेमरी किती, गॅरंटी किती, आणि तो पाटणकरकडे बघून सांगतो. पाटणकरही मान डोलावतो, जसा काही प्रोसेसर त्याच्याच पोटात बसवायचाय. मग दुकानदाराने शेवटी माझ्याकडे कृपादृष्टी टाकली आणि विचारलं, "मैडम, बच्चा कौन सा गेम खेलता है?"

"बच्चा मैं हूँ," मी म्हटलं.

दुकानदाराने आधी पाटणकरकडे पाहिलं. मग साहेबांकडे. कुणीच मदतीला आलं नाही. तेव्हा तो माझ्याशी बोलायला लागला.

इथे सगळं नीट संपलं असतं. पण साहेबांचा एक नियम मध्ये आला, जुनं जमा केल्याशिवाय नवं इश्यू करायचं नाही. ऑफिसात खुर्ची बदलायची तरी आधी मोडकी खुर्ची स्टोअरला द्यावी लागते. साहेबांनी आदल्या दिवशीच मला फोन करून बजावलं होतं, जुना प्रोसेसर काढून सोबत आण, एक्स्चेंजमध्ये लावू, तेवढाच भाव कमी. मला ते पटलं होतं, हे कबूल. मी सकाळी मशीन उघडून तो अलगद काढला होता आणि जुन्या चष्म्याच्या डबीत घालून आणला होता. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने दुकानदाराला जमा केला आणि मग नवा मला इश्यू केला. दोन्ही हातांनी.

* * *

घरी येऊन नवा बसवला. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळा.

परत काढला, परत बसवला. काळा. मिलिंद मागे उभा राहून म्हणाला, "वायर बघितलीस का?" मी नुसतं वळून पाहिलं, तर तो बाल्कनीत गेला.

दुकानाला फोन केला. तो म्हणाला, मैडम, बोर्ड पुराना है, बायोस अपडेट करना पड़ेगा. बायोस म्हणजे मदरबोर्डाच्या पोटातला छोटासा प्रोग्राम, तो प्रोसेसरला ओळखतो. आमच्या बोर्डाचा जुना, त्याने हा नवा प्रोसेसर कधी पाहिलेलाच नव्हता. तो अपडेट करायचा तर मशीन चालू व्हायला हवं. आणि मशीन चालू करायचं तर जुना प्रोसेसर हवा. मी विचारलं, माझा जुना परत देता का थोडा वेळ? तो म्हणाला, "वो तो निकल गया मैडम, दोपहर में ही."

म्हणजे जुना जमा केला म्हणून नवा चालेना. सॉकेट तपासलं, कोर तपासले, आणि हे एक तपासायचं राहिलं, त्याची चीड स्वतःवरही आली. पण त्याहून जास्त साहेबांवर आली. मी त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण नियमाप्रमाणे तर बरोबरच झालं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चार वाजता मी मोबाईलवरून जुईला मेसेज केला, पीसी बंद आहे. तिने अंगठा पाठवला.

* * *

जुन्या प्रोसेसरचा जुळा भाऊ जगात एकाच ठिकाणी आहे हे मला ठाऊक होतं, फरीदाबादला, पाटणकरच्या घरी. काही वर्षांपूर्वी गजभिये साहेबांनीच "एकत्र घ्या, भाव पडेल" म्हणून आम्हा दोघांना एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे पीसी बांधून घ्यायला लावले होते. तेवढ्यापुरतं त्यांचं ऋण मानते.

पुढच्या शनिवारी मी माझा कॅबिनेट गाडीत घातला, मिलिंदला गाडी चालवायला बसवलं आणि फरीदाबाद गाठलं. पाटणकरने दार उघडलं तेच कपाळाला आठ्या घालून. फोनवर हो म्हणाला होता, आता टाळाटाळ सुरू. मशीनमध्ये मुलाचे प्रोजेक्ट आहेत, एकदा उघडलं की नंतर त्रास देतं, पिना वाकतात, दुसरं कुणाचं मिळतं का बघा. त्याची बायको स्मिता बिचारी पाणी घेऊन उभी. मी तिच्या हातातला ग्लास घेतला, पाणी प्यायले, आणि मग विचारलं.

"पाटणकर, प्रोसेसरने काहीही फरक पडत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग काढला तर काय फरक पडतो?"

स्मिता हसली. पहिल्यांदा गालात, मग मोठ्याने. पाटणकर बाजूला झाला.

मी स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आतून तांदूळ सांडले. खरंच तांदूळ. हळदीकुंकवात माखलेल्या अक्षता, पंख्याच्या पात्यांत, मेमरीच्या खाचांत, सगळीकडे, आणि तळाशी एक वाळलेलं झेंडूचं फूल. हा माणूस दर दसऱ्याला झाकण उघडून यंत्राची आतून पूजा करतो. मी विचारलं, बाहेरून का नाही करत? तर म्हणाला, बाहेरून तो नुसता डबा आहे, यंत्र आत आहे. आमच्याकडे पूजाबिजा नसते. पण असती तरी मी फिरत्या पंख्यात तांदूळ टाकले नसते. आणि हा मला कार्डाचं ज्ञान देत होता!

स्मिताने स्वयंपाकाचा ब्रश आणून दिला. मी आधी त्याचं मशीन साफ केलं, मग त्याचा प्रोसेसर माझ्या बोर्डावर लावला, बायोस अपडेट केला, त्याचा त्याला परत बसवून दिला, आणि माझा नवा माझ्या बोर्डावर बसवला. बटण दाबलं. स्क्रीन उजळला. मिलिंदने टाळ्या वाजवल्या, स्मितानेही वाजवल्या. पाटणकरने स्वतःचं मशीन चालू करून पाहिलं आणि म्हणाला, अरे, आवाज कमी झाला पंख्याचा. थँक्यू नाही म्हणाला. आता तो टेबलावर सगळ्यांना सांगतो की मशीन आतून साफ केलं की फार फरक पडतो, त्याने व्हिडिओ पाहिलाय.

* * *

रविवारी चार वाजता मी खोलीचं दार लावून बसले. साहेबांचा मेसेज आला होता, काम समाधानकारक झालं का, कळव. पाटणकरचाही होता. मी फोन उलटा ठेवला. जुईला विचारलं, टीम फुल आहे का आज? ती म्हणाली, नाही, ये.

काय पळत होता तो गेम. कुठे अडकणं नाही, कुठे झटका नाही. मी वळले की चित्र वळत होतं. पहिल्याच फेरीत मी लागोपाठ माणसं पाडली. जुई म्हणाली, "आई, हे काय, तू तर एकदम मक्खन खेळतेयस." मी म्हटलं, नवा प्रोसेसर आहे. तिने विचारलं, माझ्यासाठी घेतला का? मी म्हटलं, माझ्यासाठी.

दुसऱ्या फेरीत आम्ही एका उघड्या माळावरून पळत होतो. ती पुढे, मी मागे. मग ती म्हणाली, "आई, ते त्या दिवशी सांगणार होते ना."

"बोल."

"मी मागच्या सेमची परीक्षा दिलीच नाही. एक पण पेपर नाही. तुम्हाला जो रिझल्ट सांगितला ना, तो झूठ होता. मी कॉलेजला पण जात नाही आता. रूममध्येच असते. माझ्याच्याने नाही होत गं, आई. पप्पांना अभी मत बताना, प्लीज."

सगळं स्वच्छ ऐकू आलं. एक अक्षर तुटलं नाही. शेवटी तिने नाक ओढलं, तेही ऐकू आलं.

माझा हात माऊसवरून कधी निघाला मला कळलं नाही. स्क्रीनवर मी त्या माळावर तशीच उभी होते, बंदूक खाली करून. इतके दिवस सगळ्या जगाला सुनवायला माझ्याकडे शब्द होते. साहेबांना, पाटणकरला, दुकानदाराला, मिलिंदला. गवत हलत होतं. लांब कुठेतरी गोळ्यांचा आवाज येत होता. कोपऱ्यातल्या आकड्यांत प्रोसेसर निम्मासुद्धा वापरात नव्हता.

"आई? सुन रही हो ना? तू हलत नाहीयेस. परत हँग झाला का तुझा पीसी?"

"हो गं," मी म्हटलं. "अडकलाय. एक मिनिट दे मला."

"ठीक आहे. तू आरामात कर," ती म्हणाली, आणि पळत मागे आली. "मी तुझ्यासमोर उभी राहते. तोपर्यंत कोणी मारणार नाही तुला."